सामुदायिक पुरस्कार

एखाद्या गावातील, शहरातील वा परिसरातील छोटे व्यवसाय, धर्मादाय संस्था आणि स्वयंसेवक यांच्या कार्याची तेथील लोकांच्या वतीने जाहीर दखल घेणारे पुरस्कार. ते मुख्यतः व्यापारी संघटना, स्थानिक स्वराज्य संस्था, वृत्तपत्रे आणि सेवाभावी मंडळे देतात. मानचिन्ह व प्रशस्तिपत्र हे त्यांचे परिचित स्वरूप असून रोख रक्कम बहुधा गौण असते.

या प्रथेच्या उगमाबद्दल एकमत नाही. एक मत तिचा संबंध फ्रान्समधील सालांसी या खेड्याशी जोडते. तेथे दरवर्षी एका सदाचारी मुलीला गुलाबांचा मुकुट घालून गौरवीत. न्वायाँचे बिशप संत मेदार यांनी ही प्रथा पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास सुरू केली आणि पहिला मान त्यांच्या बहिणीला मिळाला, अशी आख्यायिका आहे. तिला समकालीन आधार नाही. प्रथेचे आज ज्ञात असलेले रूप बव्हंशी अठराव्या शतकात घडले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तथापि तिचे महत्त्व प्राचीनतेत नसून निवडपद्धतीत आहे. ग्रामस्थांनी तीन नावे सुचवायची आणि जमीनदाराने त्यांतील एक निवडायचे, असा रिवाज होता. जमीनदाराने निवडीचा सारा अधिकार आपल्याकडे घेताच ग्रामस्थ न्यायालयात गेले आणि 1774 मध्ये पॅरिसच्या पार्लमां या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सन्मान कोणाचा करायचा हे ठरविण्याचा हक्क समुदायाचा, हे तत्त्व इतक्या स्पष्टपणे मांडले गेल्याचे हे लक्षणीय उदाहरण होय. पुढे बॅरन द माँतियाँ यांच्या देणगीतून 1782 मध्ये फ्रेंच अकादमीचा सद्गुण-पुरस्कार सुरू झाला. तो गरीब नागरिकाच्या परोपकारी कृत्यासाठी असला, तरी निवड विद्वानांच्या हाती गेली.

दुसरे मत विल्यम शिप्ली यांनी 1754 मध्ये लंडन येथे स्थापन केलेल्या कला, उत्पादन व वाणिज्य प्रोत्साहक संस्थेला अग्रमान देते. ब्रिटनमध्ये कोबाल्ट या खनिजाचे साठे शोधणे, मंजिष्ठा या रंगद्रव्य देणाऱ्या वनस्पतीची लागवड आणि मुलामुलींची चित्रकला यांसाठी तिने आरंभी बक्षिसे लावली. व्यवसायांच्या गौरवाची परंपरा या संस्थेकडे आणि सेवाकार्याच्या गौरवाची फ्रेंच प्रथांकडे नेणे इष्ट. एकच मूळ शोधण्याचा आग्रह पुराव्याला धरून नाही.

विसाव्या शतकात या दोन धारा जवळ आल्या. अमेरिकेत संपादक एडवर्ड बॉक यांनी 1921 मध्ये फिलाडेल्फिया शहराच्या हितासाठी झटणाऱ्या नागरिकासाठी पुरस्कार ठेवला. ब्रिटनमध्ये उद्योगांसाठीचा राजपुरस्कार 1965 मध्ये, तर स्वयंसेवी गटांसाठीचा 2002 मध्ये स्थापन झाला. दुसऱ्यात गटाला स्वतःचे नाव सुचविता येत नाही. कार्याशी परिचित असलेल्या बाहेरच्या व्यक्तीने शिफारस करावी लागते आणि स्थानिक पातळीवर प्रत्यक्ष पाहणी होते.

नामांकन, छाननी, परीक्षण आणि घोषणा हा क्रम सर्वपरिचित आहे. वाद असतो तो निवड परीक्षकांनी करावी की जनमताने. खुल्या मतदानात मोठा ग्राहकवर्ग असलेला व्यवसाय सहज पुढे जातो, तर मोजक्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था मागे पडते. परीक्षक मंडळात हा दोष कमी होतो; परंतु अर्जातील भाषेला वजन येते. लेखनिक ठेवणे न परवडणारा गट मग उत्तम काम करूनही पहिल्या छाननीतच गळतो. म्हणून तोंडी मुलाखत वा प्रत्यक्ष भेट असलेली मिश्र पद्धत अधिक न्याय्य ठरते. प्रायोजकाला निवडीपासून दूर ठेवणेही आवश्यक आहे. सहभागासाठी जबर शुल्क घेणाऱ्या किंवा विजेत्याला मानचिन्ह विकत घ्यायला लावणाऱ्या उपक्रमांना या संज्ञेखाली धरणे उचित नाही.

पुरस्कारांच्या परिणामांचा अर्थशास्त्रीय अभ्यास ब्रूनो फ्राय, याना गालुस प्रभृतींनी केला आहे. गालुस यांनी जर्मन विकिपीडियाच्या नव्या स्वयंसेवी संपादकांवर केलेल्या प्रयोगात, कोणतेही आर्थिक मूल्य नसलेला सन्मान मिळालेले संपादक इतरांपेक्षा अधिक प्रमाणात काम करीत राहिले.