पहिलीच्या आधी: नागपुरातल्या बालवाड्यांची पार्श्वभूमी

विदर्भात शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्याआधीचे दोन महिने नागपूरच्या वस्त्यांत काम करणाऱ्या संस्थांसाठी मोठ्या धावपळीचे असतात. पहिलीत जाऊ शकणारी मुले घरोघर फिरून शोधायची, जन्मदाखला आणि आधारचा घोळ निस्तरायचा, आयांच्या बैठका घ्यायच्या. मुलांकडून गाणी, गोष्टी, मणी ओवणे, कात्रीने कागद कापणे, अनोळखी माणसाला आपले पूर्ण नाव सांगणे, असे सगळे करून घ्यायचे. २०२२ पासून राज्याचा शिक्षण विभागही ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारी अभियान राबवतो आणि शाळाशाळांत मेळावे होतात. त्यामुळे हे काम नवे आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याची मुळे शंभर वर्षे मागे जातात, आणि ती बहुतेक वेळा सरकारी कचेरीत नव्हे, वस्तीतल्या एखाद्या बाईच्या ओट्यावर सापडतात.

नागपूरपुरते बोलायचे तर सुरुवात १९२०च्या आसपास होते. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघाची स्थापना केली. तो आरंभ सूतिकागृहाचा होता. मूल जगले पाहिजे, आई जगली पाहिजे, हीच त्या काळची पहिली लढाई होती. पुढे याच संघाने समाजकार्याचे शिक्षण देणारे महाविद्यालयही उभे केले. पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, जाईबाई चौधरी यांनी दलित मुलींसाठी चोखामेळा कन्याशाळा काढली. जाईबाईंनी स्वतः नागपूर-कामठी वाटेवर हमालीची ओझी वाहिली होती. ही बालवाडी नव्हती, तरी या हकिगतीत तिला मानाची जागा द्यायला हवी. वस्तीतल्या मुलीला शाळेचा उंबरठा ओलांडता यावा म्हणून वस्तीतल्याच बाईने उभे राहायचे, हा पायंडा या शहरात जाईबाईंसारख्यांनी पाडला.

दुसरा धागा गिरण्यांचा. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि पुढची शंभरहून अधिक वर्षे इथल्या कितीतरी घरांचे वेळापत्रक भोंग्यावर चालले. आई पाळीला गेली की धाकट्याला सांभाळणार कोण? सात-आठ वर्षांची थोरली बहीण. म्हणजे पाळणाघर नसेल तर एकाच वेळी दोन मुलांचे शिक्षण हुकते, धाकट्याची तयारी होत नाही आणि थोरलीची शाळा सुटते. १९४८च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्याला सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये ही मर्यादा तीसवर आली. पण २००२ मध्ये एम्प्रेस मिल बंद पडली. बायका धुणीभांडी, बांधकाम, कचरावेचणी अशा कामांत विखुरल्या, आणि कारखान्याच्या फाटकाशी बांधलेला तो हक्क त्यांच्यासोबत गेला नाही. बांधकामावरच्या पाळणाघरासाठी १९९६चा कायदा आला. त्यातही पन्नासहून अधिक स्त्रियांची अट होती, आणि कामे पोटठेकेदारांत वाटलेली असली की हा आकडा एका नावावर भरत नसे. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये बांधकामाच्या जागेवरच मोबाइल क्रेश, म्हणजे फिरते पाळणाघर, सुरू केले, ते याच गरजेतून. नागपुरात रिंग रोडच्या आसपास वाढलेल्या बांधकामांवर हीच गरज आज जागोजागी दिसते.

आता शिक्षणाकडे वळू. आज ज्याला आपण अंगणवाडी म्हणतो ती ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची देणगी आहे. ताराबाईंनी काही काळ अमरावतीत संसार केला होता, म्हणून वैदर्भीयांना त्या थोड्या आपल्याही वाटतात. भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी माँटेसरी पद्धत, म्हणजे साधने हाताळत मुलाने स्वतः शिकण्याची रीत, आत्मसात केली. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पण माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणार नव्हती. १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केल्यावर ताराबाईंनी शिंपले, बिया, खडे, पाने हाताशी धरली. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी चालवणारी विकासवाडी उभी राहिली. पाळणाघर का? तर धाकट्याला तिथे ठेवल्याशिवाय थोरली वर्गात बसत नव्हती. गिरणगावातली तीच अडचण, तोच उपाय.

याच काळात नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्रामात गांधीजींच्या नई तालीमचा, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षणाचा, प्रयोग चालू होता. १९३७च्या वर्धा परिषदेत सात ते चौदा वर्षांच्या मुलांचा विचार झाला होता. १९४५ मध्ये त्याचा विस्तार होऊन सात वर्षांखालच्या मुलांसाठी पूर्व-बुनियादी हा टप्पा जोडला गेला आणि शांता नारूळकर यांनी तो सेवाग्रामात प्रत्यक्ष चालवून दाखवला. स्वच्छता, आहार, हाताने करायची छोटी कामे आणि आईशी सततचा संबंध, हे त्याचे चार खांब होते. आजचे ‘पालक सहभाग’ वगैरे शब्द ऐकताना मला हेच आठवते. आईला बाजूला ठेवून तीन-चार वर्षांच्या मुलाला काही शिकवता येते, असा भ्रम त्या मंडळींना कधीच झाला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हा भार बराच काळ स्वयंसेवी संस्थांवरच सोडला. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या नेतृत्वाखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ आले. त्याच्या अनुदानावर देशभर महिला मंडळांच्या बालवाड्या चालल्या. १९६४-६६च्या कोठारी शिक्षण आयोगानेही पूर्व-प्राथमिक शिक्षण मुख्यतः खासगी प्रयत्नांवर ठेवावे, असेच सुचवले. मग २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी सरकारी झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे ती पसरली. डिसेंबर २००६च्या आदेशाने तर सहा वर्षांखालची किमान ४० मुले असलेल्या वस्तीला अंगणवाडी मागण्याचा हक्क दिला. महाराष्ट्रात आज सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत.

एवढे झाल्यावर संस्थांची गरज उरते कुठे? माझ्या मते इथेच या कामाचे खरे मर्म आहे. सेविकेकडे पोषण आहार, वजन-उंची, लसीकरण, नोंदवह्या, मोबाइलवरचे ॲप असे सगळे आहे. शाळेपूर्वीच्या शिक्षणाला उरलेला वेळ मिळतो. दुसऱ्या बाजूला गल्लीगल्लीतली कॉन्व्हेंटे आहेत. नागपुरात कुठल्याही इंग्रजी शाळेला आपण कॉन्व्हेंटच म्हणतो. तिथे केजी वनमध्येच वही भरून एबीसीडी लिहून घेतात. मोलकरणीचे काम करणारी आईही पोटाला चिमटा काढून ती फी भरते, कारण वहीत काहीतरी लिहिलेले दिसते. २०१७ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात तीन राज्यांतल्या सुमारे १४ हजार मुलांचा चार ते आठ वर्षांपर्यंत मागोवा घेतला होता. अंगणवाडी आणि खासगी शाळा दोन्हीकडून आलेली बहुतेक मुले पहिलीसाठी पुरेशी तयार नव्हती. वय साजेल अशा खेळातून शिकवणाऱ्या ठिकाणी निकाल चांगला होता, आणि त्यात संस्थांनी चालवलेली केंद्रे उठून दिसली. पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांत अजून लिहिण्याची ताकद नसते, त्याच्या कानांत मात्र भाषा भरण्याची भूक असते. हे साधे शास्त्र वस्तीत बालवाडी चालवणाऱ्या ताईला समजावता येते. मी ते समजलेल्या ताया पाहिल्या आहेत.

भाषेचे तर नागपुरात फारच महत्त्व आहे. शहरात चारशेहून अधिक झोपडपट्ट्या आहेत. कळमना-पारडीकडे छत्तीसगढी बोलणारी घरे आहेत, मोमिनपुऱ्यात उर्दू, कुठे गोंडी, कुठे भंडाऱ्याकडची झाडीबोली. मनपाच्या बहुतेक शाळा मराठी, हिंदी आणि उर्दू माध्यमांच्या. मूल पहिल्या दिवशी बाईंचे बोलणे न कळल्याने गप्प बसते आणि वर्षभर ‘कच्चे’ ठरते. त्याच गल्लीत राहणारी ताई आधी त्याच्या बोलीत गोष्ट सांगते, मग हळूहळू शाळेच्या भाषेत आणते. बाहेरून आलेल्या पदवीधराला हे जमायला फार काळ लागतो. १९९०च्या दशकात मुंबईत ‘प्रथम’ या संस्थेने वस्तीतल्याच मुलींना घेऊन, मिळेल त्या जागेत बालवाड्या उभ्या केल्या, त्यामागचा हिशेब हाच होता. नागपूरजवळ मौद्याच्या वीज प्रकल्पात नोकरीला आलेल्या तरुण अभियंत्यांनी ‘उपाय’ ही संस्था सुरू केली. पुढे नागपुरात तिच्या फूटपाथशाळा आल्या. त्यांनाही मूल जिथे आहे तिथे जावे लागले. मनपाने आकांक्षा फाउंडेशनसोबत शहरात सहा इंग्रजी शाळा केजीपासून सुरू केल्या, ती दिशा वेगळी. त्या शाळा चालाव्यात असे मनापासून वाटते, पण सहा शाळांनी वस्त्यांचा प्रश्न मिटत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. २००२च्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाला मूलभूत हक्क दिला आणि सहा वर्षांखालच्यांना अनुच्छेद ४५ मध्ये ‘राज्याचा प्रयत्न’ एवढ्यावर ठेवले. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे शाळापूर्व शिक्षणाबद्दलचे कलम ११ही बंधनकारक नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, बालवाटिकेची, म्हणजे पहिलीआधीच्या वर्गाची, कल्पना मांडली. हक्क मात्र अजून मिळालेला नाही.

आणि पैसा. बालवाडीताईचे मानधन कोण देणार, हा प्रश्न सगळ्या टप्प्यांवर सारखाच लोंबकळत राहिला. समाजकल्याण मंडळाची अनुदाने उशिरा येत. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत २०१७ मध्ये खर्चाचा ३० टक्के वाटा राज्यांवर आला, आणि संस्थांवरचा १० टक्के वाटा कायम राहिला. एकेकाळी २० हजारांहून अधिक असलेली पाळणाघरे काही वर्षांत साडेसहा हजारांच्या आसपास उरली. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणगी कायदा बदलला. मोठ्या संस्थेने मिळालेली मदत छोट्या संस्थेकडे वळवणे बंद झाले, त्यामुळे गल्लीत काम करणाऱ्या संस्थांचा एक आधार तुटला. उरला कंपन्यांचा सामाजिक निधी. त्याचे प्रकल्प बहुधा एक ते तीन वर्षांचे असतात. तीन वर्षांचे मूल बालवाडीत येते तेव्हा सुरू झालेला प्रकल्प ते पहिलीत जाईपर्यंत संपलेला असू शकतो, आणि त्याच्यासोबत घडलेली ताई पुन्हा घरकामाला लागते. संस्थांनी मागितलेली गोष्ट मोठी नाही: अंगणवाडी सेविकेच्या जोडीला फक्त शिकवण्यासाठी एक प्रशिक्षित बालवाडीताई, किमान पाच वर्षांच्या हमीने, आणि तिचे मानधन मनपाच्या किंवा राज्याच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून.