गुलालाच्या आतला ढोलवादक: डीप कम्पोझिटिंग कसे चालते

गिरगाव चौपाटीकडे निघालेल्या विसर्जन मिरवणुकीचा शॉट घ्या. गर्दी आणि रस्ता खरा. ढोलपथक आणि त्यावर उधळलेला गुलाल मात्र संगणकावर घडवलेला. वादक गुलालाच्या पुढे नाहीत, मागेही नाहीत. ते त्याच्या आत आहेत. कम्पोझिटिंग म्हणजे वेगवेगळ्या प्रतिमा जुळवून एकच चित्र करणे. थरावर थर ठेवणारे साधे कम्पोझिटिंग इथे अडते.

जुना उपाय होल्डआउटचा: गुलाल रेंडर करतानाच (म्हणजे संगणकाकडून त्याची प्रतिमा काढून घेतानाच) त्यातून वादकांची आकृती कापून घ्यायची. कडा नेमक्या येतात, पण एका वादकाचा हात जरा हलला की सगळा गुलाल पुन्हा रेंडर. झेड-डेप्थने, म्हणजे अंतराच्या वेगळ्या प्रतिमेनेही भागत नाही, कारण तिथे प्रत्येक पिक्सेलला एकच अंतर मिळते. एकाच पिक्सेलमध्ये निम्मा ३ मीटरवरचा केस आणि निम्मी ४० मीटरवरची इमारत असेल, तर सरासरी २१.५ मीटर येते. तिथे काहीच नसते.

डीप कम्पोझिटिंग इथे कामी येते. त्यातल्या डीप इमेजमध्ये प्रत्येक पिक्सेल नमुन्यांची स्वतःची यादी बाळगतो. यादीतल्या प्रत्येक नमुन्यात रंग, अल्फा (अपारदर्शकता, ० ते १) आणि कॅमेऱ्यापासूनचे अंतर असते. धूर-गुलालासारख्या पदार्थाला तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो अशी दोन अंतरे. दोन प्रतिमा जुळवताना याद्या एकत्र करून अंतराच्या क्रमाने लावायच्या आणि पुढून मागे हिशेब करायचा.

खरी गंमत वादक गुलालाच्या नमुन्याच्या मधोमध येतो तेव्हा. नमुन्याचे दोन तुकडे करावे लागतात, पण अल्फा सरळ निम्मा करून चालत नाही, कारण प्रकाश पदार्थात घातांकाच्या नियमाने विरतो. अल्फा ०.७५ असेल तर अर्ध्या जाडीतून ०.२५ चे वर्गमूळ, म्हणजे ०.५ प्रकाश पार होतो. म्हणून प्रत्येक तुकड्याचा अल्फा ०.५, ०.३७५ नव्हे. अल्फाने गुणलेला रंग त्याच प्रमाणात, म्हणजे दोन तृतीयांश ठेवायचा. तुकडे पुन्हा जोडले की मूळ मूल्ये तंतोतंत परत येतात.

या विचाराचे मूळ पिक्सारच्या लोकोविक आणि वीच यांनी २००० साली मांडलेल्या डीप शॅडो मॅपमध्ये, म्हणजे केस-धुराच्या सावल्या काढण्याच्या पद्धतीत आहे. न्यूक या कम्पोझिटिंग सॉफ्टवेअरच्या ६.३ आवृत्तीत डीप नोड (डीप प्रतिमांवर काम करणारी साधने) आले आणि २०१३ च्या ओपनईएक्सआर २.० या प्रतिमा-स्वरूपामुळे सर्वांना सामाईक फाइल-रचना मिळाली.

अडचण फाइलच्या आकाराची. १९२० × १०८० च्या फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल. साधी हाफ-फ्लोट (प्रत्येक आकड्याला १६ बिट) प्रतिमा कॉम्प्रेशनशिवाय सुमारे १६.६ एमबी; डीपमध्ये पिक्सेलमागे २० नमुने, त्यात रंग, अल्फा आणि दोन पूर्ण फ्लोट (३२ बिट) अंतरे धरली तर सुमारे ६६४ एमबी. म्हणून डीपमध्ये फक्त अल्फा आणि अंतरे मागवावीत (सुमारे ४१५ एमबी), रंगाची साधी प्रतिमा वेगळी घ्यावी आणि न्यूकमध्ये डीपरीकलर नोडने रंग नमुन्यांवर वाटावा. दोन्ही फाइली एकाच रेंडरमधून निघालेल्या हव्यात; अल्फा जुळला नाही तर कडांवर रेघा उमटतात. पुढे याद्या जोडायला डीपमर्ज, शेवटी साधी प्रतिमा काढायला डीपटूइमेज. प्रत्यक्ष चित्रित गर्दीला डीप माहिती नसतेच. तिला डीपफ्रॉमइमेजने ठरावीक अंतरावर बसवावे.

जागा वाचते म्हणून अंतरही हाफ-फ्लोटमध्ये साठवू नये. माया हे थ्रीडी सॉफ्टवेअर सेंटिमीटरमध्ये मोजते; १०० मीटर म्हणजे १०,०००, आणि तिथे हाफ-फ्लोटची पायरी ८ सेंटिमीटरची होते. गुलालात पट्टे दिसू लागतात. धूर-गुलाल घडवणारे हूडिनी मीटरमध्ये मोजते, त्यामुळे दोन विभागांच्या फाइली थेट जोडल्या तर अंतरात शंभरपट फरक पडतो आणि सगळा गुलाल वादकांच्या एकाच बाजूला जातो. ही चूक निदान लगेच दिसते. फसवी चूक वेगळीच: एक रेंडरर किरणावरचे अंतर लिहितो, दुसरा कॅमेऱ्याच्या अक्षावरचे. फ्रेमच्या मध्यभागी दोन्ही सारखीच. अक्षापासून ३० अंशांवर मात्र १० मीटरचे ८.६६ होतात. त्यामुळे मध्यावर तपासून समाधान मानू नये, कोपरे पाहावेत.

सगळ्याच शॉटला डीप लावू नये. टणक, स्पष्ट कडांच्या वस्तू ठरलेल्या क्रमाने एकामागे एक असतील तर साधे मॅट (वस्तूच्या आकाराचे मुखवटे) पुरेसे आहेत. केस, धूर, पाऊस, दाट गर्दी इथे मात्र डीप मागायलाच हवे. आणि वादक पुढे-मागे सरकवला तरी त्याची गुलालावर पडलेली सावली जुन्याच जागी राहते. प्रकाशाचा हिशेब रेंडरमध्येच झालेला असतो, म्हणून ती लायटिंग विभागाकडून नव्याने घ्यावी लागते.