घोरण्यावर घशाची शस्त्रक्रिया : पार्श्वभूमी

तालीम सुटली तरी खुराक न सुटलेला, १७ इंचांहून जाड मानेचा गडी रात्री घर दणाणेल असा घोरू लागला, तर त्याला गाढ झोप लागली असे समजण्याची रीत कोल्हापुरात जुनी आहे. मात्र घोरणे मध्येच थांबून दहा किंवा अधिक सेकंद श्वास अडत असेल आणि हे तासाला पाचहून जास्त वेळा घडत असेल, तर तो स्लीप अ‍ॅप्निया ठरतो, आणि मग घशाचे ऑपरेशन करून घ्यावे का, हा विचार सुरू होतो.

या आजाराची ओळख वैद्यकाला १९६५ च्या सुमारास युरोपातील मेंदूविकारतज्ज्ञांनी करून दिली. त्यावरचा पहिला खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट अडथळ्याच्या खालून काढणे. गुण निश्चित येई, पण नळी कायमची गळ्यात राही. पुढे १९८१ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे फुजिता यांनी टॉन्सिल, पडजीभ आणि मऊ टाळूचा काही भाग काढून घसा रुंद करण्याची शस्त्रक्रिया मांडली. योगायोग असा, की त्याच वर्षी सिडनीत सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र मांडले. रोज मास्क लावण्यापेक्षा एकदाच काय ते कापून मोकळे व्हावे, ही रुग्णाची इच्छा स्वाभाविक असल्याने शस्त्रक्रिया झपाट्याने पसरली.

१९९६ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, तेव्हा यशाचे प्रमाण जेमतेम ४० टक्के भरले. तेही श्वास अडण्याचे प्रमाण निम्म्याने घटून तासाला वीसच्या खाली आले की यश, अशा सैल मोजपट्टीने. कारण तासाला १८ वेळा श्वास अडणारा माणूस आजही मध्यम आजाराचाच रुग्ण मानला जातो. अपयशाचे मोठे कारण असे, की अनेकांचा अडथळा टाळूपाशी नसून जिभेच्या मुळाशी असतो, आणि तिथे टाळू कितीही कापला तरी उपयोग होत नाही. म्हणूनच १९९१ पासून औषधाने झोपवून दुर्बिणीने अडथळ्याची जागा पाहण्याची पद्धत आली. लहान मुलांची गोष्ट निराळी. त्यांच्यात वाढलेले टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागातली टॉन्सिलसारखी गाठ) काढणे हाच सहसा पहिला उपाय असतो.

मोठ्यांच्या बाबतीत वेदना, नाकातून पाणी परत येणे किंवा घशाचा कोरडेपणा यांपेक्षा अधिक फसवा धोका वेगळाच आहे. शस्त्रक्रियेनंतर आवाज थांबतो, घरचे निर्धास्त होतात, पण श्वास अडणे चालूच राहू शकते. त्यामुळे काही महिन्यांनी झोपेची तपासणी पुन्हा करून घ्यावी लागते.