९१६चा ठसा आणि हॉलमार्क

९१६ म्हणजे बावीस कॅरेट, हजारात ९१६ भाग सोनं. एवढं सगळ्यांना पाठ आहे. वैताग येतो तो पुढच्या वाक्याचा: "आत ९१६ आहे ना, मग हॉलमार्कचंच!"

९१६ उमटवायला एक पंच आणि हातोडी पुरते. तो नुसता दुकानदाराचा शब्द असू शकतो. हॉलमार्क पडतो तो दुकानाबाहेर, बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, मान्यता असलेल्या केंद्रात डाग (म्हणजे दागिना) तपासल्यावर. त्यात तीन खुणा असतात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, २२के९१६ अशी शुद्धता आणि अक्षरं-आकडे मिसळलेला सहा जागांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एकाच दागिन्याचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना एचयूआयडीशिवाय विकायला मनाई आहे. घरातले जुन्या चार खुणांचे दागिने मात्र बाद झालेले नाहीत. "जुना हॉलमार्क आता चालत नाही, मोडीत द्या" असं कोणी म्हणालं, तर त्या पेढीवरून सरळ उठावं.

आता खरी ग्यानबाची मेख. पंचाने ९१६ उमटतं, तशी सहा अक्षरंही उमटतात. म्हणून भिंगातून नंबर दिसला एवढ्यावर भागत नाही. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकायचा. तिथे सराफाचा नोंदणी क्रमांक, तपासणी केंद्र, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. लोक काय करतात? नंबर 'लागला' की खूश होऊन फोन खिशात टाकतात. अहो, नंबर खरा असेल, पण तो दुसऱ्याच डागाचा! हातात पाटली आणि पडद्यावर अंगठी असेल, तर नंबर कुठून तरी उचललेला आहे. प्रकार वाचा, शुद्धता वाचा. दहा ग्रॅमची पाटली बावीसऐवजी अठरा कॅरेटची निघाली, तर पावणेदोन ग्रॅमच्या आसपास सोनं गेलं.

केडीएम हा डाखाचा, म्हणजे सोन्याचे तुकडे जोडायच्या मिश्रधातूचा, प्रकार. त्याचा शुद्धतेच्या दाखल्याशी संबंध नाही. २ ग्रॅमच्या आतल्या डागाला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे नाकातल्या चमकीवर तो नसला म्हणून लगेच भांडायला उठू नका. आणि घडणावळ किती लावली, खड्यांचं वजन सोन्याच्या भावात धरलं का, हे हॉलमार्क सांगत नाही. ते बिलात बघायचं.

बिल पक्कंच घ्यावं, याबाबत मी हट्टी आहे. शंका आली तर ग्राहकाला स्वतः मान्यताप्राप्त केंद्रात दागिना तपासून घेता येतो. हॉलमार्कच्या डागात शुद्धता कमी भरली, तर २०१८च्या बीआयएस नियमांप्रमाणे त्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळायला हवा. ३ टक्के जीएसटी वाचवायला कच्ची चिठ्ठी घेऊन आलेल्यांनी हे कशाच्या जोरावर मागायचं?