२० बारचं खोकं आणि ९ बारची कॉफी

भाच्याचा मेसेज आला, सोबत दोन खोक्यांचे फोटो. "मामा, १५ बारचं घेऊ की २० बारचं? २०वाल्याला क्रीमा जास्त येईल ना?" (क्रीमा म्हणजे कपातल्या कॉफीवरचा सोनेरी फेस.) घरगुती एस्प्रेसो मशीनच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा हाच असतो, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. माझं पहिलं मशीन मीही तोच आकडा बघून घेतलं होतं. त्याला उत्तर लिहायला बसलो आणि मेसेजचा लेख झाला.

एस्प्रेसोला, म्हणजे बारीक पुडीतून गरम पाणी दाबाने ढकलून काढलेल्या कॉफीला, लागतो तो दाब ९ बारच्या आसपास. १ बार म्हणजे ढोबळमानाने आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब. ९ बार म्हणजे पाण्यात सुमारे ९० मीटर खोल बुडी मारल्यावर अंगावर जेवढा जादा दाब येईल तेवढा. आता जरा गणित करू. चांगल्या मशीनची बास्केट, म्हणजे पूड भरायची जाळीदार तळाची वाटी, ५८ मिलिमीटर व्यासाची असते, म्हणजे कॉफीच्या चकतीचं क्षेत्रफळ साधारण २६ चौरस सेंटिमीटर. ९ बारला दर चौरस सेंटिमीटरवर ९ किलोंहून थोडा जास्त भार पडतो. गुणाकार केला की येतात २४० किलो. सेंटिमीटरभर जाडीच्या त्या चकतीवर शॉट (एका वेळची कॉफी) चालू असताना जवळजवळ अडीच क्विंटल वजन बसलेलं असतं!

हे एकदा कळलं की टॅम्पिंगच्या, म्हणजे बास्केटमधली पूड टॅम्पर नावाच्या ठोकळ्याने दाबून बसवण्याच्या, कर्मकांडातली हवा निघून जाते. पूड नेमकी १५ किलो जोराने दाबावी, मग टॅम्पर किंचित फिरवावा, असे नियम लोक सोवळं पाळावं तसे पाळतात. जिथे पाणी अडीच क्विंटलने रेटणार आहे, तिथे तुमचे चार-पाच किलो कमीजास्त झाले तर काय बिघडणार? पृष्ठभाग सपाट हवा आणि पूड घट्ट बसलेली हवी, एवढंच.

हा दाब सुरुवातीपासून नव्हता. मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ मध्ये पेटंट घेतलेलं मशीन वाफेवर चालायचं, आणि वाफेतून जेमतेम दीड बार दाब मिळायचा. दाब वाढवायचा तर तापमान वाढवावं लागे आणि कॉफी करपे. आकिले गाजाने दुसऱ्या महायुद्धानंतर दांड्याचं मशीन बाजारात आणलं. त्यात दाब द्यायला वाफेऐवजी स्प्रिंग आणि दट्ट्या होता, त्यामुळे दाब आणि तापमान यांची फारकत झाली आणि कपावर पहिल्यांदा तो सोनेरी फेस दिसला. १९६१ साली फाएमा कंपनीच्या ई-६१ मशीनने दांड्याचं काम विजेच्या पंपाकडे दिलं. नावातला ई म्हणजे 'एक्लिस्से', त्या वर्षीचं सूर्यग्रहण!

आता ज्यासाठी एवढं लिहायला घेतलं तो मुद्दा. पंप दाब 'देत' नाही. पंप पाणी ढकलतो. दाब तयार होतो तो पाणी अडवलं गेल्यामुळे. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा धरल्याशिवाय फवारा उडत नाही, तसंच. रिकामा पोर्टाफिल्टर (बास्केट बसवायची मूठ) लावून मशीन चालू केलं तर २० बारच्या मशीनचा दाबाचा काटाही जागचा हलत नाही. खोक्यावरचा १५ किंवा २० हा आकडा म्हणजे वाट पूर्ण बंद केली तर तो पंप जास्तीत जास्त किती रेटू शकेल, याची हद्द. बऱ्या मशीनमध्ये तर एक झडप बसवलेली असते, जी दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की जादा पाणी परत टाकीकडे वळवते. ती ९-१० बारला लावलेली असेल, तर वरचे बार फक्त पुठ्ठ्यावरच राहतात.

म्हणजे अंगठ्याचं काम कॉफीचा थर करतो, आणि थरातून पाणी किती वेगाने जाणार याचा नियम एस्प्रेसोच्या कितीतरी आधी सापडलेला आहे. फ्रान्सच्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करणाऱ्या आंरी दार्सी या अभियंत्याने वाळूच्या गाळण्यांवर प्रयोग केले आणि १८५६ मध्ये निष्कर्ष छापले. प्रवाह दाबाच्या सम प्रमाणात, थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात, आणि उरलेलं सगळं त्या थराच्या 'पार्यता' नावाच्या गुणधर्मात. खरी गंमत या पार्यतेत आहे. ती कणांच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. कण निम्मे केले की फटीही निम्म्या रुंदीच्या होतात आणि प्रवाह निम्मा नाही, पाव होतो. वाळूतून पाणी झरझर खाली जातं आणि चिकणमातीवर साचून राहतं, त्याचं कारण हेच.

कॉफीला लावून बघा. दळण १० टक्के बारीक केलं तर पार्यता ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१ होते, आणि २५ सेकंदांचा शॉट ३१ सेकंदांवर जातो. पूड १० टक्के वाढवली तर थर तेवढाच जाड होतो आणि वेळ वाढतो अडीच सेकंद. दाब ९ वरून १५ केला तर कागदावर प्रवाह पावणेदोन पटीच्या जवळ जायला हवा, पण प्रत्यक्षात तसं होत नाही. वाळू दाबाखाली मुकाट राहते. कॉफी मऊ असते. पाणी पिऊन ती फुगते, दाबाने चेपते, आणि दळताना झालेलं पिठासारखं बारीक चूर्ण वाहत जाऊन खालच्या फटींत अडकतं. दाब वाढवावा तशी वाटच चिंचोळी होत जाते. कुठे एखादी भेग सापडली तर पाणी सगळं तिथूनच पळतं. तेवढीच कॉफी प्रमाणाबाहेर धुतली जाऊन कडू होते आणि शेजारची जेमतेम भिजून आंबट राहते. एकाच कपात कडूही आणि आंबटही चव लागली, तर ही भेगच समजायची.

म्हणून माझं भाच्याला पहिलं सांगणं: आधी ग्राइंडर, मग मशीन. पात्यांचा मिक्सरसारखा नको. तो कॉफी दळत नाही, तोडतो. तुकडे आणि पीठ एकत्र निघतं. दोन दातेरी चकत्यांमध्ये दाणा भरडणारा हवा, आणि दळण कमीजास्त बारीक करायच्या त्याच्या खाचा एकमेकींच्या जवळ हव्यात. परवा सकाळी नवीन दाण्यांचं पाकीट फोडलं. १८ ग्रॅम पूड, जुनीच खाच. कपात ३६ ग्रॅम कॉफी यायला साधारण २५ ते ३० सेकंद लागायला हवेत, ती ११ सेकंदांत आली: फिकट, पातळ, जीभ आंबवणारी. दोन खाचा बारीक केलं. या वेळी पहिले ७ सेकंद काहीच नाही, मग बास्केटच्या तळाशी काळपट थेंब जमले, त्यांचे दोर झाले आणि दोर मध्यभागी येऊन एकाच जाडसर धारेत मिळाले. २८ सेकंद. मशीनच्या कुठल्याही बटणाला हात लावला नव्हता.

दळण्याआधी दाण्यांवर पाण्याचा थेंबभर शिडकावा मारायचा, ही चाल मी कित्येक वर्षं अंधश्रद्धेच्या खात्यात टाकली होती. दळताना घर्षणाने कणांवर विद्युतभार येतो आणि त्यांच्या गुठळ्या होतात. ओलाव्याने तो भार कमी होतो आणि शॉट जास्त एकसारखा पाझरतो, असं २०२३ मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजून दाखवलं. खातं बदललं.

मग २० बारच्या खोक्यातल्या मशीनमधून, शिळ्या पुडीतूनही, जाड फेस कसा येतो? बास्केट उलटी करून बघा. वर जाळी, पण खाली दुसरा तळ आणि त्याला टाचणीच्या टोकाएवढं एकच भोक. अडवण्याचं काम ते भोक करतं आणि कॉफी हवेत घुसळून बाहेर फेकतं. दळण जमलं नाही तरी चालतं ही त्याची सोय आहे, पण तो क्रीमा नव्हे. खरा क्रीमा दाण्यातल्या वायूचा. भाजताना दाण्यात कार्बन डायऑक्साइड अडकतो, दाबाखाली तो पाण्यात जास्त विरघळतो, आणि दाब सुटला की सोड्याच्या बाटलीसारखा बाहेर येतो; फरक इतकाच की इथे प्रत्येक बुडबुड्याभोवती कॉफीतल्या द्रव्यांचं अस्तर चढतं. भाजून महिने झालेल्या दाण्यात वायूच उरत नाही. आणि क्रीमाचं फार कौतुकही नको. रोबस्टा दाण्यांचा क्रीमा अरेबिकापेक्षा जाड येतो, म्हणून चव वरचढ होत नाही. नुसता क्रीमा चमच्याने चाखा, चांगला कडू लागतो.

तापमान हा दुसरा मोठा मुद्दा, पण तो एका हिशेबात आटोपतो. अर्धा किलो पितळेचा पोर्टाफिल्टर २५ अंशांवरून ९० वर न्यायला सुमारे १२ हजार ज्यूल लागतात. शॉटचं ४० ग्रॅम पाणी ९३ अंशांवरून थेट २५ पर्यंत गार झालं तरी साडेअकरा हजारच देऊ शकतं. थंड पोर्टाफिल्टर लावला तर कॉफीऐवजी पितळ तापवलं जातं! '३० सेकंदांत तयार' लिहिलेल्या मशीनमध्ये पाणी तयार असतं, धातू नसतो. पोर्टाफिल्टर लावून ठेवा, मशीनला वेळ द्या, निदान एकदा नुसतं गरम पाणी त्यातून जाऊ द्या. तापमान पीआयडीने, म्हणजे ते सतत मोजून स्थिर ठेवणाऱ्या नियंत्रकाने, सांभाळणारं मशीन मिळत असेल, तर २० बारपेक्षा त्या तीन अक्षरांना जास्त किंमत द्यावी.

बाकीचं तुम्ही काय पिता त्यावर. नुसती काळी कॉफी असेल तर एक बॉयलर पुष्कळ. रोज चार जणांसाठी दुधाचा फेस काढायचा असेल, तर एकाच बॉयलरला वाफेसाठी ९३ वरून १३० अंशांच्या आसपास चढवा, परत उतरवा, यात जीव जातो. तिथे दोन बॉयलर किंवा हीट एक्स्चेंजर (वाफेच्या बॉयलरमधून जाणाऱ्या नळीत कॉफीचं पाणी तापवणारा) बघावा. पाणी जड असेल तर आत क्षार साचतात, पण म्हणून डिस्टिल्ड पाणी वापरू नये. चव बेचव होते, आणि काही बॉयलरमधल्या संवेदकांना असं पाणी 'दिसत'च नाही.

हे सगळं भाच्याला पाठवलं. तासाभराने उत्तर आलं: "मामा, म्हणजे १५चं घेऊ ना?" घे म्हटलं. आठवड्याने त्याने व्हिडिओ धाडला: धार चौथ्या सेकंदाला सुरू, रंग वाळक्या गवतासारखा फिकट. मी लिहिलं, "दोन खाचा बारीक कर."

"मिक्सरला खाचा कुठे असतात, मामा?"