टीममेट वाईट की गेमचे नियम?

रँडम टीममेट हा विषय निघाला की प्रत्येक गेमरकडे शिव्यांचा स्टॉक तयारच असतो. पाच अनोळखी लोक, अर्ध्यापाऊण तासाची मॅच, सुरुवातीलाच कोणीतरी दोनदा मरतो आणि चॅटमध्ये "नूब" (म्हणजे नवशिका), "रिपोर्ट मारा याला" सुरू. मॅच हरली की प्रत्येकाची खात्री असते की बाकी चौघांनी घालवली, नाचता येईना अंगण वाकडं, आणि गंमत म्हणजे त्या चौघांचीही अगदी हीच खात्री असते. मग आपण म्हणतो ऑनलाइन लोकच घाण. पण गेम कंपन्यांकडे आणि संशोधकांकडे जो डेटा जमलाय तो बघितला तर लोकांपेक्षा गेमचे नियम जास्त दोषी वाटायला लागतात, निदान मला तरी.

लीग ऑफ लेजंड्स घ्या. 2009 साली आलेला पाच विरुद्ध पाच असा ऑनलाइन गेम, टॉक्सिक म्हणजे शिवीगाळीच्या चॅटसाठी पुरता बदनाम. तो बनवणाऱ्या रायट गेम्सने यासाठी मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञान शिकलेल्या लोकांची टीम बसवली. आपल्याला वाटेल की मूठभर कायमचे वाईट प्लेयर शोधायचे, बॅन करायचे, विषय संपला. तर तसं निघालं नाही. असे अट्टल लोक होते, पण एकूण घाणीत त्यांचा वाटा लहानच होता, बाकीची घाण एरवी ठीक वागणाऱ्या लोकांकडून येत होती, ज्यांचा त्या दिवशी मूड गेलेला किंवा आधीच्या मॅचमध्ये कोणीतरी यांना शिव्या घातलेल्या. म्हणजे एका मॅचमधला राग पुढच्या मॅचच्या लॉबीत जातो आणि तिथून आणखी चौघांकडे.

मग त्यांनी एक साधी गोष्ट करून बघितली. समोरच्या टीमशी बोलायचं चॅट काढून नाही टाकलं, फक्त आधीपासून चालू असायचं ते आधीपासून बंद ठेवलं, ज्याला हवं त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं. चॅटचा वापर जवळपास तेवढाच राहिला, पण घाणेरडे मेसेज साधारण एक तृतीयांशाने घटले आणि चांगले मेसेज जवळपास तेवढ्याच प्रमाणात वाढले. माणसं तीच, गेम तोच! सेटिंग शोधून चालू करण्याएवढी अडचण मध्ये आली की तोंडावर आलेली शिवी बरेचदा तिथेच विरते.

शिव्या कोण कोणाला घालतो यावरही काम झालंय. 2015 साली प्लॉस वन या जर्नलमध्ये हेलो 3 या बंदुकीच्या गेमवर एक अभ्यास आला होता, त्यात काही मॅचमध्ये टीममेटचा आवाज बाईचा तर काहींमध्ये पुरुषाचा होता, तेही आधी रेकॉर्ड केलेली, कोणाला न चिडवणारी वाक्यं. बाईच्या आवाजावर जास्त भडकले ते खराब खेळणारे पुरुष. पुरुषाचा आवाज असला की हेच लोक नमून वागत होते. चांगले खेळणारे बाईच्या आवाजाशी उलट बरं बोलत होते. संशोधकांचं म्हणणं असं की ज्याचं ग्रुपमधलं स्थान आधीच डळमळीत, त्यालाच नवीन माणसाची जास्त भीती.

मोठ्या ग्रुपचं गणित वेगळं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये सुरुवातीच्या काळात मोठी रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची मोहीम, करायला 40 जण लागायचे, आणि 40 जणांत दोघं-तिघं नुसते उभे राहिले तरी चटकन कळत नाही. मानसशास्त्रात हे जुनं आहे, रिंगेलमान नावाच्या फ्रेंच इंजिनियरने शंभरेक वर्षांपूर्वी दोरी ओढायला लावून दाखवलं होतं की माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो. गेममध्ये यावर उतारा म्हणजे रोल, प्रत्येकाला ठरलेलं काम. टँक मार खाणार, हीलर सगळ्यांना जिवंत ठेवणार. हीलर झोपला तर अर्ध्या मिनिटात सगळ्यांना कळतं. आणि लूटच्या वाटणीत आयत्या बिळावर नागोबा नको म्हणून प्लेयर लोकांनी स्वतःच पॉइंटची पद्धत काढली, रेडला आलात की पॉइंट मिळणार, ते खर्चून वस्तू घ्यायची. एव्हरक्वेस्ट या त्याआधीच्या गेमच्या काळात ही पद्धत सुरू झाली, कंपनीने सांगितलेली नव्हती.

दोस्ती-दुश्मनीवरचा मला सगळ्यात आवडलेला अभ्यास पार्डस या गेमचा आहे. ब्राउझरमध्ये चालणारा अंतराळातला गेम, 2004 पासूनचा. व्हिएन्नातल्या मायकल झेल आणि स्टेफान थुर्नर यांना याचा सगळा डेटा मिळाला, सुमारे 3 लाख प्लेयर, कोणी कोणाला मित्र केलं, शत्रू केलं, कोणाशी व्यापार केला, कोणावर हल्ला केला, सगळं, आणि 2010 मध्ये त्यांनी तो छापला. सर्व्हेत लोक खोटं बोलतात, इथे तो प्रश्नच नाही. दिसलं असं की मैत्री बहुतेक वेळा दोन्हीकडून असते, शत्रुत्व मात्र बरेचदा एकतर्फी, म्हणजे तुम्ही ज्याला शत्रूच्या यादीत टाकून बसलात तो तुम्हाला उलट यादीत टाकेलच असं नाही. आणि एकाचे दोन मित्र आपसात शत्रू, ही अवघड परिस्थिती योगायोगाने व्हावी त्यापेक्षा फार कमी सापडली. दोन मित्रांच्या भांडणात मध्ये अडकलेल्या कोणालाही याचं आश्चर्य वाटणार नाही.

नियम बदलून ग्रुप किती बदलता येतो याचं टोक म्हणजे 2012 चा जर्नी हा गेम. दोन अनोळखी प्लेयर, नाव नाही, चॅट नाही, फक्त एक सूर काढता येतो. बनवताना आधी एकमेकांना धक्का मारता यायचा, तर टेस्टिंगमध्ये लोक काय करत होते? दुसऱ्याला खड्ड्यात ढकलत होते! मग धक्काच काढून टाकला, आणि जवळ आलं की दोघांनाही उडायची शक्ती मिळेल असं केलं. लोक चिकटून चालायला लागले.

शूटरमध्ये, म्हणजे बंदुकीच्या गेममध्ये, एवढं गप्प राहून भागत नाही, म्हणून 2019 च्या फेब्रुवारीत आलेल्या एपेक्स लेजंड्सने पिंग दिला, एक बटण दाबून शत्रू इथे, बंदूक इथे, मी तिकडे जातोय, सगळं सांगता येतं, माइक लागत नाही. त्याच महिन्याच्या शेवटी फोर्टनाइटमध्येही पिंग आला. शिव्या देण्याची सोय यात अर्थातच नव्हती. पण लीगमध्ये पिंग आधीपासून होते, आणि तिथे नुकत्याच मेलेल्या टीममेटच्या अंगावर प्रश्नचिन्हाचा पिंग दहा वेळा मारला की काय म्हणायचंय ते त्याला बरोबर कळतं.