एरोस्पेस संशोधन व विकास पथकाचे कार्यव्यवस्थापन

विमान, रॉकेट, उपग्रह किंवा त्यांची इंजिने नव्याने घडवणाऱ्या पथकाचे रोजचे काम मार्गी लावण्याची व्यवस्था. भागांची खरेदी, चाचण्यांचे वेळापत्रक, खर्च, सुरक्षितता आणि ड्रॉइंगमधले बदल हे सारे तिच्यात येते. कारखान्यात ठरलेली वस्तू पुन्हा पुन्हा बनते; इथे मात्र वस्तूच बदलत राहते. त्यामुळे मंजूर ड्रॉइंग, हातातला भाग आणि चाचणीची नोंद यांचा मेळ राखणे हे या व्यवस्थेचे सर्वांत अवघड काम ठरते. त्याला कॉन्फिगरेशन कंट्रोल म्हणतात.

हा मेळ सुटला की काय होते, ते नासाच्या चांद्रमोहिमेवर निघालेल्या अपोलो १३ यानाच्या ऑक्सिजन टाकीत दिसले. टाकीतल्या हीटरचे थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान वाढताच हीटर बंद करणारे स्विच, २८ व्होल्टसाठी बनवलेले होते. १९६५ मध्ये प्रक्षेपणस्थळावरच्या वीजपुरवठ्याशी जुळावे म्हणून हीटर ६५ व्होल्टवर चालावा अशी अट घातली गेली, पण थर्मोस्टॅट जुनेच राहिले आणि पुढच्या कोणत्याही तपासणीत ते कुणाच्या लक्षात आले नाही. मार्च १९७० मधल्या चाचणीनंतर टाकी नेहमीच्या रीतीने रिकामी होईना, म्हणून हीटर कित्येक तास चालू ठेवला. थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू वितळून चिकटले, तापमान भलतेच वाढले आणि तारांवरचे टेफ्लॉनचे आवरण जळाले. तापमापक सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या पुढे दाखवतच नव्हता, त्यामुळे हे कुणाला कळले नाही. १३ एप्रिल १९७० रोजी अवकाशात त्या उघड्या तारांमुळे टाकीचा स्फोट झाला. मूळ चूक एका न पोहोचलेल्या बदलाची होती. म्हणूनच बदल मंजूर करताना ‘याचा आणखी कोणत्या भागांवर परिणाम होतो?’ हा प्रश्न लेखी सोडवून घेणे अनिवार्य मानले पाहिजे.

कामाचे टप्पे प्राथमिक डिझाइन आढावा, अंतिम डिझाइन आढावा आणि चाचणीपूर्व आढावा असे पडतात. तंत्रज्ञान किती पक्के झाले हे नासाने रूढ केलेल्या १ ते ९ या श्रेणीवर मोजतात.

शिस्त म्हणजे कागदांचा ढीग, असा समज चुकीचा आहे. अभियंते केली जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली लॉकहीड या अमेरिकी विमान कंपनीच्या छोट्या पथकाने १९४३ मध्ये एक्सपी-८० या जेट लढाऊ विमानाचा नमुना १४३ दिवसांत उभा केला. अहवाल कमीत कमी असावेत, पण महत्त्वाच्या कामाची नोंद चोख असावी, असा जॉन्सन यांचा नियम होता.

वेळापत्रक बहुधा अडते ते विंड टनेलची (वाऱ्याच्या झोतात नमुना तपासण्याच्या बोगद्याची) तारीख मिळेना म्हणून, किंवा फोर्जिंगसारखे (तापवलेला धातू ठोकून घडवलेले) भाग यायला महिनोन् महिने लागतात म्हणून. त्यामुळे असे भाग डिझाइन पूर्ण होण्याआधीच मागवण्याची जोखीम घ्यावी लागते. जोडणीच्या जागी प्रत्येक अवजाराला ठरलेली खाच असते; एक जरी रिकामी दिसली, तरी अवजार यंत्रात राहून जाऊ नये म्हणून ते सापडेपर्यंत काम थांबते. चाचणीत भाग तुटला तर तो लगेच उघडत नाहीत. आधी छायाचित्रे घेतात, सेन्सरची माहिती सुरक्षित करतात आणि मगच पहिला बोल्ट सैल करतात.